आगोस्तिनींचा नकार

जाकोमो आगोस्तिनी यांचे नाव निघाले की १५ विश्वविजेतेपदे आणि १२२ विजय हे दोन आकडे हटकून सांगितले जातात. आठ विजेतेपदे ५०० सीसी गटातली आणि सात ३५० सीसी गटातली. ६८ विजय पहिल्या गटातले आणि ५४ दुसऱ्या गटातले. १९७७ साली त्यांनी मोटारसायकल शर्यतींतून निवृत्ती घेतली, त्याला आता अर्धशतक होत आले, तरी एकूण विजयांचा हा आकडा कोणाला ओलांडता आलेला नाही. त्यांचेच देशबांधव व्हॅलेंटिनो रॉसी दीर्घ कारकिर्दीनंतर ११५ वर थांबले. असे असूनही या माणसाने आपल्या खेळाला दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट या आकड्यांत सापडत नाही, असे माझे मत आहे. ती सापडते १९७२ च्या जून महिन्यातल्या एका नकारात. ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यामधल्या आइल ऑफ मॅन या बेटावरची टूरिस्ट ट्रॉफी शर्यत त्यांनी तोवर दहा वेळा जिंकली होती. त्या शर्यतीत आपण पुन्हा उतरणार नाही असे त्यांनी जाहीर केले, आणि १९७६ नंतर तिचा जागतिक अजिंक्यपदाचा दर्जाच गेला. ज्या खेळात जीव जाऊ शकतो त्यात धोक्याची मर्यादा कोणी ठरवायची, हा प्रश्न त्या नकाराने शर्यतीच्या चालकांपुढे ठेवला. त्याचे उत्तर आजही अर्धेमुर्धेच मिळालेले आहे.

आधी त्या आकड्यांविषयी, कारण ते डोळे मिटून मानणे आणि त्यांची टिंगल करणे या दोन्ही गोष्टी सारख्याच सोप्या आहेत. आगोस्तिनी यांचा जन्म १६ जून १९४२ रोजी ब्रेशा येथे झाला आणि ते वाढले इझेओ सरोवराच्या काठावरच्या लोवेरे या गावात. वडिलांचा मोटारसायकल शर्यतीला विरोध होता. मुलगा ऐकेना म्हणून ते सल्ला घ्यायला ओळखीच्या एका नोटरीकडे गेले. नोटरीला वाटले की विषय सायकल शर्यतीचा आहे, आणि खेळाने मुलाच्या प्रकृतीला फायदाच होईल असे सांगून त्याने वडिलांना सही करायला लावले. हा किस्सा आगोस्तिनी स्वतः वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. पुढे ज्या माणसाने शर्यतीतल्या संमतीचा प्रश्न ऐरणीवर आणला, त्याच्या स्वतःच्या कारकिर्दीची पहिली संमती गैरसमजातून मिळालेली असावी, ही एक गंमतच आहे. १९६१ साली त्रेंतो ते बोंदोने या घाटरस्त्याच्या शर्यतीत ते मोरिनी मोटारसायकलवर दुसरे आले, १९६४ साली मोरिनीवरच इटलीचे २५० सीसी गटाचे विजेते झाले, आणि १९६५ साली काउंट दोमेनिको अगुस्ता यांनी त्यांना एम. व्ही. अगुस्ता संघात घेतले. तिथे त्यांचे सहकारी होते ब्रिटिश स्वार माइक हेलवुड.

१९६६ साली हेलवुड होंडाकडे गेले आणि पुढची दोन वर्षे या दोघांत जी झुंज झाली, ती आगोस्तिनींच्या गुणवत्तेची खरी साक्ष आहे. १९६६ चे ५०० सीसीचे विजेतेपद आगोस्तिनींनी मोसमाच्या अखेरीस इटलीतल्या मोन्झाला मिळवले. १९६७ साली दोघांचे गुण सारखे झाले, दोघांचे विजयही पाच-पाच झाले, आणि दुसऱ्या क्रमांकांची मोजणी करून विजेतेपद आगोस्तिनींना देण्यात आले. पण १९६८ चा मोसम सुरू होण्याआधी होंडाने माघार घेतली, आणि तिथून पुढचे आकडे वाचताना हात थोडा आखडता घ्यावा लागतो. त्या वर्षी ५०० सीसीच्या दहाही आणि ३५० सीसीच्या सातही शर्यती त्यांनी जिंकल्या. त्यांच्याकडे तीन सिलिंडरची कारखान्यात बांधलेली एम. व्ही. होती; समोरचे बहुतेक स्वार स्वतःच्या खर्चाने, स्वतःच गाडी ओढून नेत, पन्नाशीच्या दशकातल्या आराखड्याच्या एका सिलिंडरच्या नॉर्टन आणि मॅचलेस गाड्यांवर उतरत होते. अशा शर्यतीत पहिला क्रमांक यंत्राचा किती आणि माणसाचा किती, हे सांगणे कठीण असते. १९६८ ते १९७२ या पाच वर्षांत दर वर्षी दोन्ही गटांची विजेतेपदे त्यांच्याकडे गेली, यात त्यांच्या सातत्याइतकाच प्रतिस्पर्ध्यांच्या दारिद्र्याचा वाटा होता. मात्र १९७४ साली त्यांनी सगळी सोय सोडून यामाहा पत्करली, त्याच वर्षी अमेरिकी स्वारांच्या अंगणात जाऊन डेटोनाची २०० मैलांची शर्यत जिंकली, आणि १९७५ साली ५०० सीसीचे विजेतेपद प्रथमच टू-स्ट्रोक गाडीवर मिळवून दाखवले. चांगली गाडी मिळाली म्हणून जिंकणारा हा स्वार होता, हा आक्षेप त्यामुळे पुरता टिकत नाही. आकड्यांचा वाद माझ्यापुरता इथे मिटतो.

आता त्या बेटाकडे. आइल ऑफ मॅनचा मार्ग हे बांधलेले सर्किट नाही. डग्लस गावातून निघून गावांमधून, शेतांच्या कडेने रॅम्झीपर्यंत आणि तिथून स्नेफेल डोंगरावरून परत डग्लसला येणारा तो सुमारे ६०.७ किलोमीटरचा रोजच्या वापरातला रस्ता आहे, आणि शर्यतीपुरती त्याची रहदारी बंद केली जाते. वळणे दोनशेहून अधिक. दोन्ही बाजूंना दगडी भिंती, फरसबंदीच्या कडा, घरांची जोती, झाडे, तारांचे खांब. स्वार पडला तर त्याला घसरत थांबायला मोकळी जागाच नाही. समुद्रसपाटीजवळून रस्ता सुमारे ४०० मीटर उंचीवर चढतो, त्यामुळे डग्लसच्या प्रेक्षकसज्जापुढे ऊन असताना डोंगरावर धुके आणि पाऊस असू शकतो. सगळे स्वार एकदम सुटत नाहीत. ठरावीक अंतराने सोडले जातात आणि घड्याळाशी झगडतात. म्हणजे पुढे काय आहे हे कळण्याचा नेहमीचा मार्ग, समोरच्या स्वाराला पाहणे, तोही बरेचदा बंद असतो. १९११ पासून या डोंगरी मार्गावर अडीचशेहून अधिक स्वारांनी प्राण गमावले आहेत. आणि तरीही या शर्यतीची प्रतिष्ठा अशी होती की १९४९ साली जागतिक अजिंक्यपद सुरू झाले तेव्हा त्याची पहिली फेरी इथेच घेतली गेली, आणि १९६७ साली सिनियर, म्हणजे ५०० सीसीच्या, शर्यतीत हेलवुड आणि आगोस्तिनी यांच्यात जे युद्ध झाले त्याची आठवण जुने जाणते आजही काढतात. त्या दिवशी हेलवुड यांनी ताशी १०८.७७ मैल सरासरीची फेरी मारली, आणि तो विक्रम आठ वर्षे टिकला. आगोस्तिनींच्या गाडीची साखळी पाचव्या फेरीत तुटली. हा मार्ग आगोस्तिनींना कळत नव्हता किंवा पेलत नव्हता, असे म्हणायला जागा नाही.

९ जून १९७२ हा शर्यतींचा शेवटचा दिवस होता. सकाळी १२५ सीसीची शर्यत पावसात आणि धुक्यात सुटली. तिच्यात आगोस्तिनींचे मित्र जिल्बेर्तो पार्लोत्ती हे इटालियन स्वार प्रथमच उतरले होते. पेसारोचे जांकार्लो मोर्बिदेल्ली हे लाकूडकामाची यंत्रे बनवणारे कारखानदार. त्यांनी हौसेने बांधलेल्या छोट्या रेसिंग गाडीवर पार्लोत्ती त्या मोसमात अजिंक्यपदाच्या गुणतक्त्यात आघाडीवर होते. त्यांचे प्रतिस्पर्धी, स्पेनचे आन्हेल निएतो, या बेटावर येत नसत. दोन वर्षांपूर्वी सांतियागो एरेरो हे स्पॅनिश स्वार इथेच मरण पावले होते आणि त्यानंतर त्यांच्या ओसा कंपनीने ग्रां प्रीतून, म्हणजे जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतींतून, अंगच काढून घेतले होते. निएतो येणार नाहीत म्हणूनच पार्लोत्ती आले. प्रतिस्पर्धी घरी बसलेला असताना पदरात पडतील तेवढे गुण घेऊन ठेवणे हा हिशेब कोणत्याही दावेदाराने केलाच असता. पहिल्या फेरीअखेर ते आघाडीवर होते. दुसऱ्या फेरीत, डोंगरावरच्या व्हेरांडा नावाच्या भागात, ते पडले आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला. पावसामुळे सिनियर शर्यत लांबणीवर पडली, हवामान निवळल्यावर ती घेण्यात आली, आणि आगोस्तिनी ती जिंकले, एम. व्ही. संघातले त्यांचे सहकारी अल्बेर्तो पगानी दुसरे आले. त्यानंतर आगोस्तिनींनी सांगितले की आपण इथे पुन्हा शर्यत खेळणार नाही.

पार्लोत्तींचा हिशेब मी मुद्दाम सविस्तर मांडला, कारण माझा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. टूरिस्ट ट्रॉफीचे समर्थक तेव्हाही म्हणत आणि आजही म्हणतात की कोणावर सक्ती नाही, ज्याला भीती वाटते त्याने येऊ नये. शब्दशः हे खरे आहे. अजिंक्यपदासाठी सर्व फेऱ्यांचे गुण धरले जात नसत, ठरावीक सर्वोत्तम निकालच मोजले जात. तेव्हा एखादी फेरी चुकवूनही विजेतेपद मिळवता येत असे, आणि निएतो यांनी त्या वर्षी ते मिळवलेही. पण सक्ती नेहमी हुकमाच्या रूपानेच येते असे थोडेच आहे? शर्यतीला गुण लावले की न जाणाऱ्याचे नुकसान होते आणि जाणाऱ्याचा फायदा होतो. कारखान्याला ब्रिटिश बाजारपेठ हवी असते, संघमालकाला निकाल हवा असतो, आणि स्वतंत्र स्वाराला तर आयोजकांकडून मिळणाऱ्या पैशांवरच पुढच्या गावापर्यंतचा प्रवास करायचा असतो. पार्लोत्तींना कोणी ढकलले नाही. गुणतक्त्याने त्यांना तिथे नेले. ज्या क्षणी टूरिस्ट ट्रॉफीचे गुण काढून घेतले गेले, त्या क्षणी ही ओढ नाहीशी झाली आणि पुढे जे तिथे गेले ते त्या मार्गासाठी गेले. शर्यत बंद करा, अशी आगोस्तिनींची भूमिका नव्हती. विश्वविजेता होऊ पाहणाऱ्यावर ती लादली जाऊ नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते. मला ही भूमिका नेमकी वाटते. धोका पत्करण्याचा माणसाचा हक्क ती हिरावून घेत नाही, आणि त्या हक्काच्या आडून दुसऱ्याने आपला धंदा चालवावा हेही मान्य करत नाही.

या नकारावर तेव्हा ब्रिटनमध्ये बरीच टीका झाली, आणि तिच्यातले दोन आक्षेप अजूनही गंभीरपणे घेण्यासारखे आहेत. पहिला असा की मित्राच्या मृत्यूनंतर काही तासांत त्याच रस्त्यावर शर्यत खेळून चषक घेणाऱ्या माणसाने सुरक्षिततेची भाषा कोणत्या तोंडाने बोलावी? मला वाटते, हा आक्षेप उलट दिशेने वाचला पाहिजे. कारखान्याचा संघ, आलेले प्रेक्षक, मालिकेतले गुण, सुटण्याच्या रेषेवर उभी राहिलेली गाडी, या सगळ्यांचे ओझे त्या दुपारी असे होते की तोपर्यंतच्या आयुष्यात दहा विश्वविजेतेपदे मिळवलेला माणूसही त्या क्षणी नाही म्हणू शकला नाही. जगातल्या सर्वांत यशस्वी स्वाराची ही अवस्था असेल, तर गुणतक्त्यात विसाव्या क्रमांकावर असलेल्या, उधारीवर सुटे भाग घेणाऱ्या स्वाराच्या संमतीला काय अर्थ उरतो? निर्णय घेण्याची ही वेळच चुकीची आहे, आणि शर्यतीच्या दिवशी एकेकट्या स्वारावर तो सोपवणे हा अन्याय आहे, हे त्या विजयाने जितके स्पष्ट केले तितके एखाद्या निवेदनाने केले नसते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: दहा वेळा जिंकून झाल्यावर नकार देणे परवडते. हे मी जवळजवळ पूर्णपणे मान्य करतो. आगोस्तिनींकडे एम. व्ही. होती, कीर्ती होती, पैसा होता, आणि त्यांच्या अनुपस्थितीने संघ त्यांना काढून टाकील ही भीती नव्हती. पण नकाराला वजन येण्यासाठी नेमके हेच लागत होते, ही या खेळातली दुर्दैवी वस्तुस्थिती होती. बॅरी शीन या ब्रिटिश स्वाराने १९७१ साली एकदाच त्या बेटावर शर्यत केली, ते पडले आणि पुन्हा गेले नाहीत. त्यांच्याबद्दल मार्ग जमला नाही म्हणून रुसला, असे सहज बोलले गेले. आगोस्तिनींबद्दल तसे बोलता येईना. त्यांच्यामागोमाग फिल रीड, रॉड गुल्ड असे इतर विश्वविजेतेही दूर राहिले, आणि १९७३ ते १९७६ या चार वर्षांत जागतिक अजिंक्यपदाची ही फेरी अजिंक्यपदाच्या दावेदारांशिवाय होऊ लागली. १९७७ पासून ब्रिटनची ग्रां प्री सिल्व्हरस्टोनला गेली. ज्यांच्याकडे सर्वाधिक होते त्यांनी नाही म्हटले म्हणून ज्यांच्याकडे काही नव्हते त्यांचीही सुटका झाली. प्रस्थापितांच्या सोयीचा असा उपयोग फार क्वचित होतो, आणि तो झाला याचे श्रेय देताना आपण कंजुषी करू नये. मात्र एखाद्या खेळाची सुरक्षितता एका आगोस्तिनींच्या जन्मावर अवलंबून असावी, ही व्यवस्था चांगली कशी म्हणायची?

रस्त्यावरच्या शर्यतींचा कैवार घेणारे तिसरा मुद्दा मांडतात तो मोन्झाचा. २० मे १९७३ रोजी, म्हणजे पार्लोत्तींनंतर वर्षही झाले नव्हते तेव्हा, मोन्झाच्या बांधीव सर्किटवर २५० सीसी शर्यतीच्या पहिल्याच फेरीत रेन्झो पासोलिनी आणि फिनलंडचे यार्नो सारिनेन हे दोघे मरण पावले आणि त्यांच्यामागे डझनभर गाड्या एकमेकींवर आदळल्या. आधीच्या शर्यतीत रस्त्यावर सांडलेले तेल कारण होते की पासोलिनींच्या गाडीचे जाम झालेले इंजिन, यावर पुढे खूप वाद झाला. पण मृत्यूला हातभार लावणारी एक गोष्ट निर्विवाद होती: ट्रॅकला चिकटून बसवलेले लोखंडी गार्डरेल. ते बसवले गेले होते मोटारींच्या चालकांच्या सुरक्षिततेसाठी. मोटार त्यावर आपटून थांबते, चालक पत्र्याच्या आत असतो. दुचाकीवरचा माणूस आपटून परत रस्त्यावर येतो, मागून येणाऱ्यांच्या चाकांखाली. त्याच वर्षी जुलैत मोन्झालाच आणखी तीन इटालियन स्वार एका शर्यतीत गेले. मोन्झा वाईट म्हणून आइल ऑफ मॅन बरे, असा निष्कर्ष यातून निघत नाही. निघतो तो एवढाच, की धोक्याचे मोजमाप ज्याच्या अंगावर धोका येतो त्याला विचारल्याशिवाय केले तर तज्ज्ञांचीही चूक होते. मोटार चालकांना विचारून बसवलेले गार्डरेल दुचाकीस्वारांना विचारले असते तर तिथे बसले नसते. शिवाय मोन्झाची कड मागे सरकवता येते, वळणापूर्वी वेग तोडता येतो. साठ किलोमीटरच्या रस्त्यावरची गावे मागे सरकवता येत नाहीत.

एका माणसाच्या नकाराचे सामूहिक नकारात रूपांतर व्हायला फार वेळ लागला नाही. १९७४ साली नुर्बुर्गरिंगला जर्मन ग्रां प्रीच्या वेळी, मार्गाच्या कडेची संरक्षक व्यवस्था पुरेशी नाही म्हणून आघाडीच्या स्वारांनी सुरू करण्यास नकार दिला. शर्यत मात्र थांबली नाही. मागे उरलेल्या स्थानिक स्वारांना घेऊन ती पार पडली आणि एडमुंड चिहाक हे जर्मन स्वार ५०० सीसीचे ग्रां प्री विजेते म्हणून कायमचे नोंदले गेले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्यासाठी तो आयुष्यातला एकमेव दिवस असावा. पण बहिष्कार हे हत्यार किती बोथट आहे, ते तिथे दिसले. आयोजकाला फक्त गाड्या हव्या असतात आणि गाडी घेऊन येणारा कोणीतरी नेहमी मिळतो. १९७९ साली बेल्जियममधल्या स्पा येथे नव्या डांबराची पकड चांगली नसल्यामुळे अमेरिकी विश्वविजेते केनी रॉबर्ट्स आणि इतर आघाडीच्या स्वारांनी पुन्हा तेच केले, आणि त्या मोसमाअखेर त्यांनी आपली वेगळी मालिका काढण्याची धमकी दिली, तेव्हा कुठे आंतरराष्ट्रीय महासंघाने बक्षिसाच्या पैशांबाबत हात सैल केला. सुरक्षिततेचा आणि पैशांचा प्रश्न एकाच वेळी, एकाच लोकांकडून विचारला गेला, यात मला काही वावगे दिसत नाही. ज्याच्या खिशात पुढच्या आठवड्याचे पैसे आहेत तोच या आठवड्यात नाही म्हणू शकतो.

टूरिस्ट ट्रॉफीचे पुढे काय झाले, हेही पाहिले पाहिजे, कारण आगोस्तिनींनी ती मारली असा आरोप कधीमधी ऐकू येतो. ती मेली नाही. महासंघाने सांत्वन म्हणून १९७७ साली तिला फॉर्म्युला वन नावाचा एक वेगळा जागतिक किताब देऊ केला; तो पहिल्या वर्षी जिंकणारे स्वार होते फिल रीड, म्हणजे बहिष्कार घालणाऱ्यांतलेच एक. १९७८ साली हेलवुड अकरा वर्षांच्या खंडानंतर परतले, डुकाटीवर जिंकले, आणि बेटावर जो जल्लोष झाला तसा क्वचितच झाला असेल. ते ३८ वर्षांचे होते, त्यांना काही सिद्ध करायचे नव्हते, आणि कोणत्याही गुणतक्त्याने त्यांना बोलावले नव्हते. हेलवुड यांचे येणे आणि आगोस्तिनींचे न येणे या परस्परविरोधी गोष्टी म्हणून सांगितल्या जातात. मला त्या एकाच तत्त्वाच्या दोन बाजू वाटतात. आगोस्तिनी स्वतःही नंतर अनेकदा त्या बेटावर गेले, जुन्या एम. व्ही.वर प्रदर्शनाच्या फेऱ्या मारल्या, आणि लोकांनी त्यांचे मनापासून स्वागत केले. शर्यत आजही होते आणि आजही माणसे मरतात. मला ती पाहवत नाही, पण ती बंद करा असे म्हणण्याचा अधिकार मला आहे असे मला वाटत नाही.

माझा आक्षेप आजच्या अजिंक्यपदाच्या मालिकेवर आहे, जिथे गुण आहेत, करार आहेत आणि दूरचित्रवाणीचे वेळापत्रक आहे. धोका कमी करण्यात तिथे प्रचंड प्रगती झाली हे नाकारता येणार नाही. स्वारांची दर शर्यतीच्या शुक्रवारी होणारी सुरक्षा समितीची बैठक, मागे सरकवलेल्या भिंती, खडीचे पट्टे, २०१८ पासून अंगातल्या पोशाखात सक्तीची झालेली एअरबॅग, या सगळ्यांमुळे आज पडलेला स्वार बहुधा उठून चालत जातो. या कामात पुन्हा एका इटालियन विजेत्याचा वाटा आहे: १९८२ चे ५०० सीसीचे विश्वविजेते फ्रांको उंचिनी. १९८३ साली नेदरलँड्समधल्या आसेनला ते पडले, मागून येणाऱ्या गाडीची धडक डोक्याला बसली आणि ते मृत्यूच्या दारातून परतले. पुढे अनेक वर्षे सर्किटच्या सुरक्षिततेची तपासणी करण्याचे काम त्यांच्याकडे होते. जमिनीवर पडलेल्याला काय दिसते हे ठाऊक असलेला माणूस त्या खुर्चीवर बसला, याला मी आगोस्तिनींच्या नकाराचे दूरचे फळ मानतो. २०२३ साली ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतात पहिल्यांदा मोटोजीपी, म्हणजे जुन्या ५०० सीसी गटाची जागा घेणाऱ्या आजच्या सर्वोच्च गटाची शर्यत, झाली तेव्हा उष्म्यामुळे मुख्य शर्यत २४ फेऱ्यांवरून २१ वर आणली गेली, हेही पन्नास वर्षांपूर्वी घडले नसते. (ती शर्यत मार्को बेझेक्की या इटालियनानेच जिंकली.)

तरी निर्णयाचा गाभा तिथेच आहे. ३० मे २०२१ रोजी इटलीतल्या मुजेल्लो सर्किटवर काय झाले ते पाहा. आदल्या दिवशी मोटो थ्री या सर्वांत छोट्या गाड्यांच्या गटाच्या पात्रता फेरीत जखमी झालेले १९ वर्षांचे स्विस स्वार जेसन डुपास्क्वियर रविवारी मरण पावल्याचे जाहीर झाले. एक मिनिट स्तब्धता पाळून मोटोजीपीची शर्यत ठरल्या वेळी सुरू झाली. फ्रांचेस्को बान्याया, जे पुढे २०२२ आणि २०२३ चे विश्वविजेते झाले, दुसऱ्याच फेरीत आघाडीवर असताना पडले. आपल्याला त्या दिवशी शर्यत करायची नव्हती, असे त्यांनी नंतर स्पष्ट सांगितले. दानिलो पेत्रुच्ची यांची तक्रार तर अशी होती की आम्हाला कोणी विचारलेच नाही. सगळ्यांचे मत त्यांच्यासारखे होते असे नाही, आणि काहींना खरोखर वाटत असेल की सहकाऱ्याला श्रद्धांजली वाहण्याचा त्यांच्या परीने तोच मार्ग आहे. पण ९ जून १९७२ ची दुपार आणि ३० मे २०२१ ची दुपार शेजारी ठेवली की दिसते ते असे: सर्किट बदलले, हेल्मेट बदलले, डॉक्टर आणि हेलिकॉप्टर आले, मात्र मृत्यूनंतर पुढची शर्यत सुरू करायची की नाही हे ठरवताना स्वाराला विचारण्याची पद्धत आली नाही. सुरक्षा समितीत स्वार बोलतात, त्यांचे ऐकलेही जाते, पण तिथे मत मांडणे वेगळे आणि मतदान करणे वेगळे.

मोटारींच्या फॉर्म्युला वन मालिकेतल्या चालकांची संघटना १९६१ साली स्थापन झाली, मध्ये बंद पडली आणि १९९४ साली पुन्हा उभी राहिली. दुचाकीच्या मालिकेत संघांची संघटना आहे, उत्पादकांची आहे. स्वारांच्या वतीने वाटाघाटी करणारी मान्यताप्राप्त संघटना मात्र इतक्या दशकांत रुजलेली नाही. याला स्वारही जबाबदार आहेत; ट्रॅकवर एकमेकांचे कोपर लागू न देणारे लोक खोलीत एकत्र बसायला नाखूश असतात, आणि वर्षाच्या करारावर असलेल्या स्वाराला कारखान्याच्या विरोधात सही करण्याची हिंमत सहजी होत नाही. म्हणूनच ही गोष्ट त्यांच्या हिंमतीवर न सोडता नियमांत लिहिली गेली पाहिजे. शर्यतीच्या आठवड्यात एखाद्या स्वाराचा मृत्यू झाला तर त्या गटाच्या आणि पुढच्या गटांच्या स्वारांचे गुप्त मतदान घ्यावे, बहुमताचा निर्णय आयोजकांवर बंधनकारक असावा, मतदान कसे झाले हे संघांना कळू नये, आणि शर्यत झाली तरी जो स्वार उतरणार नाही त्याचा करार त्या कारणाने मोडता येऊ नये. गुप्ततेवर माझा भर आहे, कारण उघड हात वर करायला सांगितले तर १९७२ च्या सुटण्याच्या रेषेवरचेच दडपण खोलीत आणून ठेवल्यासारखे होईल. मतदानाला अर्धा तास पुरतो, आणि पाऊस आला तर याच आयोजकांना वेळापत्रक तासभर पुढे ढकलता येते. प्रक्षेपणाचे करार मोडतील, प्रेक्षक पैसे परत मागतील, हे खर्च खरे आहेत. त्यांचा विमा काढता येतो आणि प्रक्षेपणाच्या करारात एक कलम वाढवता येते. दोन्ही कामे मालिकेचे हक्क विकणाऱ्या कंपनीने पुढचे करार करतानाच उरकावीत.